बसरा ते चाकण : वाटेवरचं गाव कुणाचं?

चाकणच्या तळेगाव चौकात दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक पुण्याहून नाशिककडे जातो, दुसरा तळेगावाहून शिक्रापूरकडे. चौकापासून थोड्याच अंतरावर, गावाच्या वस्तीला लागून, संग्रामदुर्ग या भुईकोटाचे उरलेसुरले बुरूज उभे आहेत, आणि त्याही पलीकडे चारही दिशांना कारखान्यांची छपरं दिसतात. या गावाचा इतिहास लिहायचा तर तो कुठून सुरू करायचा आणि त्यात कुणाकुणाची नावं घालायची, यावर दोन मतं आहेत. ती दोन्ही मतं खालच्या संवादात मांडली आहेत. मामा खेड तालुक्यातले शेतकरी, पिंपरीच्या कारखान्यात टर्नर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. भाची इतिहास घेऊन एम.ए. झालेली, चाकणच्या एका कंपनीत एक्स्पोर्टचं काम पाहणारी.

मामा : तुझं टिपण वाचलं. चाकणचा इतिहास लिहायचा आणि सुरुवात कार्ल्याच्या लेण्यापासून आणि कुठल्याशा बसऱ्यापासून करायची, हे मला पटलेलं नाही. चाकण म्हणजे संग्रामदुर्ग. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्ताखानानं वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी जवळपास दोन महिने किल्ला झुंजवला. मोगलांना तटावर चढता येईना, तेव्हा त्यांनी भुयार खणून सुरुंग लावला. बुरूज उडाला, तरी आतली माणसं खिंडारात उभी राहून लढली. डोंगराचा आडोसा नाही, कडा नाही, सपाटीवरचा किल्ला! गावातल्या पोरांना आधी हे कळलं पाहिजे. व्यापारी काय, येतात आणि जातात.

भाची : संग्रामदुर्गाबद्दल आपलं दुमत नाहीच, मामा. पण मला सांगा, खान पुण्यात येऊन बसला होता. ऐन पावसात एका भुईकोटापायी त्यानं एवढी माणसं का खर्ची घातली? त्याची रसद अहमदनगरकडून यायची, आणि पुणे आणि नगर यांच्या मध्ये चाकण होतं. उत्तरेला नारायणगाव, जुन्नर आणि पुढे नाणेघाट. पश्चिमेला तळेगाव, मावळ, बोरघाट आणि खाली कोकणातली बंदरं. चाकण ज्याच्या हातात, त्याच्या हातात वाटा. किल्ला सपाटीवर बांधला तोच मुळी वाटेवर नजर ठेवायला. वाट आधीची आहे, किल्ला नंतरचा.

मामा : वाट महत्त्वाची, कबूल. पण वाटेवरून जाणारा आणि गावात नांगर धरणारा यांना तू एका पंगतीला बसवतेस. वाटसरू नफा झाला तर थांबतो, तोटा झाला तर पुढच्या गावाला जातो. दुष्काळ पडला, वेढा पडला, तर मरतो तो गावातला माणूस.

भाची : काही वाटसरू थांबलेही, आणि जाताना काही ठेवूनही गेले. कार्ल्याचं उदाहरण घेऊ. इथून तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. त्या डोंगराचं जुनं नाव वलुरक. तिथे चैत्यगृहाच्या जवळच्या एका विहारात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या चोविसाव्या राज्यवर्षाचा लेख आहे, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. नऊ खोल्यांचा मंडप दान दिल्याची ती नोंद आहे. देणाऱ्याचं नाव हरफरण, बापाचं नाव सेतफरण, राहणार अबुलामा. ही नावं इराणी वळणाची आहेत, आणि अबुलामा म्हणजे इराणी आखाताच्या टोकावरचं उबुल्ला बंदर असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. आजच्या इराकमधल्या बसऱ्याला लागून ते होतं. तिकडचा एक माणूस मावळात आला, बौद्ध उपासक झाला, भिक्षूंसाठी डोंगरात खोल्या खोदवल्या आणि भिंतीवर आपल्या बापाचं आणि गावाचं नाव प्राकृतात कोरून घेतलं. तो नुसता येऊन गेला, असं कसं म्हणायचं?

मामा : उबुल्ला हे काय एवढं मोठं शहर होतं?

भाची : मोठंच होतं. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांचं पाणी जिथे समुद्राला मिळतं, तिथलं बंदर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख अपोलोगोस या नावानं येतो. भडोचहून तिकडे मोठी जहाजं जात. तांबं, चंदन, सागवानी लाकूड, शिसव, आबनूस हा माल इथून जायचा आणि तिकडून मोती, दारू, खजूर आणि सोनं यायचं. माणसांची खरेदी-विक्रीही चालायची, गुलाम हाही त्या काळी व्यापाराचा माल होता. त्या मुलखावर आधी पार्थियन सम्राटांचं वर्चस्व होतं, मग सासानी इराणी राजांची सत्ता आली. इराणी, अरब, अरामी बोलणारे लोक, सीरियातल्या पाल्मिराचे व्यापारी असे सगळे त्या नदीमुखाशी वावरत. इसवी सन ११६ मध्ये रोमन सम्राट त्राजान तिथल्या किनाऱ्यावर पोचला, तेव्हा त्याला भारताकडे निघालेलं जहाज दिसलं, अशी नोंद आहे. पुढे सातव्या शतकात अरबांनी उबुल्ला जिंकलं आणि शेजारी बसरा वसवलं. अरबी इतिहासकारांना ते बंदर हिंदच्या सीमेसारखं वाटायचं, इतका तिथे आपल्याकडच्या मालाचा आणि माणसांचा राबता होता. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर पाहिलं की छताला सागवानी फासळ्या दिसतात. जवळपास दोन हजार वर्षांचं लाकूड आहे ते. तोच साग जहाजांत भरून आखाताकडे जायचा.

मामा : थांब. खोल्या हरफरणानं दिल्या म्हणतेस. खोदल्या कुणी? छिन्नी-हातोडा घेऊन त्या दगडात जन्म घालवला ते कोण? मी तीस वर्षांहून जास्त लेथवर उभा होतो, म्हणून विचारतो. मशीनवर कंपनीचं नाव असतं, जॉब काढणाऱ्याचं नसतं.

भाची : हा प्रश्न अगदी योग्य आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही, पण कार्ल्यात थोडं मिळतं. चैत्याच्या दरवाजावर सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटाचा रहिवासी, आणि दरवाजाचं काम त्यानं केलं, असं त्यात लिहिलंय. त्याच धेनुकाकटाचा सिंहदत्त नावाचा अत्तरविक्या दाता म्हणून येतो. त्याच गावचे यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे किंवा पश्चिमेकडून आलेले लोक, खांबांचे दाते म्हणून येतात. आणि ही सगळी वास्तू उभी केल्याचा मान वैजयंतीच्या भूतपाल शेठीकडे जातो. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. सुतार, अत्तरविक्या, शेठ, यवन आणि आखातातला उपासक, सगळ्यांची नावं एका डोंगरात आहेत. जुन्नरलाही तसंच. तिथेही यवनांनी टाकी आणि भोजनमंडप दिल्याचे लेख आहेत. आज एखाद्या कारखान्याच्या कोनशिलेवर पाहुण्याच्या नावाखाली सुताराचं नाव दिसेल का?

मामा : नाही दिसणार. ते सामीचं नाव मला आवडलं. कुणीतरी त्याला मोजलं. पण तू फार जुन्या, शांत काळातलं सांगतेस. पुढे त्याच वाटेनं काय आलं, तेही सांग. घोडे आले आणि घोड्यांवर बसून फौजा आल्या. शाइस्ताखान तरी कोण होता?

भाची : इराणातून आलेल्या घराण्यातला. त्याचे आजोबा मिर्झा घियास बेग तेहरानकडून मोगलांच्या आश्रयाला आले आणि वजिरीपर्यंत चढले. आसफखान हे खानाचे वडील, मुमताजमहल ही त्याची बहीण.

मामा : हेच मी म्हणतो! त्या वाटेनं एक पिढी पोटासाठी येते, दुसरी दरबारात बसते आणि तिसरी आमच्या तटाला सुरुंग लावते.

भाची : तसं घडलं, ते मी लपवत नाही. पण चाकणमध्ये त्याच्या दोनशे वर्षं आधी याच्या उलट घडलेलं आहे. तेही तेवढंच खरं आहे आणि ते आपण कुणालाच सांगत नाही. पंधराव्या शतकात चाकण बहामनी राज्याचं मोठं लष्करी ठाणं होतं. तिथला सेनापती मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन बसरी. किताबाचा अर्थ व्यापाऱ्यांचा प्रमुख, आणि माणूस खरोखरच बसऱ्याचा व्यापारी. म्हणजे हरफरणानंतर सुमारे तेराशे वर्षांनी त्याच नदीमुखावरून दुसरा माणूस आपल्या भागात आला. बहामनी घराण्यातला अहमदशहा गादीच्या भांडणात जीव वाचवून पळत होता, तेव्हा खलफ हसननं वणजाऱ्यांचे बैल घेऊन त्यांच्यावर माणसं बसवली आणि लांबून मोठं घोडदळ आल्याचा देखावा उभा केला, अशी हकिकत आहे. १४२२ मध्ये अहमदशहा सुलतान झाला आणि या व्यापाऱ्याचं नशीब उघडलं.

मामा : आणि त्याचा शेवट कोकणात झाला. तो मला ठाऊक आहे. शिर्क्यांना पकडून धर्म बदल म्हणून दटावलं. शिर्क्यांनी खेळण्याच्या राजाकडे नेतो म्हणून त्याला गर्द रानात शिरवलं. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. तिथे रात्री त्याची फौज कापली गेली आणि तोही पडला. तटबंदीशिवाय, तोफांशिवाय, नुसत्या डोंगराच्या आधारानं. मुलूख ज्याचा त्याला रान कळतं.

भाची : बरोबर. पण गोष्ट तिथे थांबत नाही. त्या फौजेतले वाचलेले परदेशी शिपाई, म्हणजे इराण, इराक, मध्य आशियाकडून आलेले, ज्यांना तेव्हा आफाकी म्हणत, ते जीव घेऊन चाकणला परतले. दरबारात आफाकी आणि दख्खनी असे दोन तट होते. दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवलं की हे लोक फितूर झालेत, चाकण बळकावून बसलेत. सुलतान अलाउद्दीन अहमदशहानं, म्हणजे दुसऱ्या अहमदशहानं, शहानिशा न करता हुकूम दिला. आपल्याच राज्याच्या फौजेनं चाकणला दोनेक महिने वेढा घातला. आतली माणसं हटेनात, तेव्हा अभयाचं वचन देऊन त्यांना बाहेर काढलं, मेजवानीला बसवलं आणि कत्तल केली. मागे राहिलेल्या बायकामुलांचेही हाल झाले. याच चाकणमध्ये, मामा.

मामा : हे कुणी लिहून ठेवलंय?

भाची : फिरिश्त्यानं, घटनेनंतर दीडेकशे वर्षांनी.

मामा : आणि तो कुठला?

भाची : जन्म कास्पियन समुद्राजवळच्या अस्तराबादचा. लहानपणी अहमदनगरला आला, पुढे विजापूरच्या आदिलशाहीत चाकरीला राहिला.

मामा : म्हणजे तोही आफाकीच. आपल्या लोकांची बाजू लावून धरणारच ना?

भाची : धरलीय, म्हणून त्याचे आकडे मी सांगितले नाहीत. त्याच्या लिखाणातली बाजू वजा करूनच वाचावं लागतं. पण कत्तल झाली, खोट्या चुगलीवर झाली, आणि नंतर सुलतानाला खरं कळल्यावर त्यानं चुगली करणाऱ्यांना शिक्षा केली, हा कणा इतिहासकारांनी मान्य केलेला आहे. आणि पुढचं तर निर्विवाद आहे. १४५३ मध्ये गिलानचा महमूद गवान दाभोळ बंदरात उतरला. तोही मलिक-उत्-तुज्जार झाला, पुढे वजीर झाला. बिदरला त्यानं १४७२ मध्ये मदरसा बांधला, जमिनीची मोजणी करवली, सरदारांच्या हातातले किल्ले कमी केले. १४८१ मध्ये विरोधकांनी सुलतानाला खोटं पत्र दाखवून त्याचा शिरच्छेद करवला. पुन्हा तोच डाव, बनावट कागद आणि परका म्हणून संशय. त्यानंतर बहामनी राज्य फुटून पाच सुलतानशाह्या झाल्या. त्यांपैकी निजामशाही जुन्नरलाच उभी राहिली, आणि तिच्या संस्थापकाला, मलिक अहमदला, सुरुवातीलाच चाकणचा किल्ला घ्यावा लागला.

मामा : दरबारातले सगळे सरदार एकाच माळेचे मणी. दख्खनी आणि आफाकी या दोघांच्याही घोड्यांना वैरण आमच्याच शेतातून जायची. त्या भांडणात कुणब्याचा काय संबंध? तू मला दोन तट दाखवतेस, मला दोन्ही तटांच्या खाली तिसराच माणूस दिसतो.

भाची : तो तिसरा माणूस मलाही दाखवायचाय. म्हणून उबुल्लाची पुढची गोष्ट सांगते. बसऱ्याच्या भोवती खारट दलदलीच्या जमिनी होत्या. त्या लागवडीखाली आणायला पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना जुंपलं होतं. वरचा क्षार खरवडून काढायचा, ढीग करायचा, दिवसभर उन्हात. त्यांना झंज म्हणत. ८६९ मध्ये त्यांनी बंड केलं आणि ते चौदा वर्षं चाललं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी उबुल्ला जिंकलं. शहरात सागाच्या लाकडाची घरं दाटीनं होती, ती पेटली आणि बंदराचा बराच भाग जळून गेला. शेकडो वर्षांचा व्यापार, चार दिशांची माणसं, इतकं असूनही शहर आपल्याच राबणाऱ्या माणसांच्या हातून जळलं.

मामा : हे लिही. हे मोठ्या अक्षरात लिही. व्यापारानं शहर श्रीमंत झालं म्हणून त्याची आरती ओवाळायची नसते. त्या श्रीमंतीखाली कोण राबतंय ते बघायचं असतं.

भाची : पण मग चाकणमध्ये आज कोण राबतंय? सकाळी शिफ्टच्या वेळी कंपनीच्या गेटवर उभं राहा. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड, मराठवाडा, विदर्भ. एका खोलीत पाच-सहा जण, एक जण कामावर गेला की दुसरा त्याच अंथरुणावर झोपतो. कंत्राटदार बदलला की नोकरी नव्यानं सुरू. त्यांना आपण परके म्हणतो. तुम्हीसुद्धा म्हणता, मामा. भाडं मात्र आपण घेतो.

मामा : म्हणतो, आणि का म्हणतो तेही ऐक. आमच्या जमिनी गेल्या. पैसे आले ते पोरांनी गाडी-बंगल्यात घातले. ज्या जमिनीत कांदा पिकायचा तिथे शेड उभी राहिली आणि आमच्याच पोराला तिथे कायमची नोकरी मिळेना. बाहेरचा पोरगा कमी पैशांत, युनियनशिवाय, बारा तास उभा राहतो. मग गावातला पोरगा त्याच्यावर चिडतो. हा राग खोटा नाही.

भाची : राग खोटा नाही, पण तो चुकीच्या माणसावर निघतो. चाकणच्या त्या जुन्या वेढ्यातही हेच झालं. दोन्ही तटांना कमी-जास्त तोलणारा दरबार वरच राहिला आणि कापले गेले ते खालचे शिपाई. कमी पैशांत बारा तास उभं राहणं हे त्या पोरानं ठरवलेलं नाही. त्याला आणि गावच्या पोराला एकाच कामाचा एकच दाम मिळाला, तर दोघांचंही भांडण संपतं.

मामा : ते मान्य. आम्ही युनियनमध्ये हेच शिकलो. पण येणाऱ्या प्रत्येकाला दार सताड उघडं ठेवायचं, हे मला मान्य नाही. शिवाजी महाराजांनीही ठेवलं नव्हतं. १६७१ मध्ये पोर्तुगीजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ यायला लागलं आणि कुडाळकडचे मिठागरवाले बुडायला लागले, तेव्हा महाराजांनी त्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. व्यापार नको असं ते म्हणाले नाहीत. आपला माणूस बुडेल असा व्यापार नको, असं म्हणाले.

भाची : आणि त्याच राज्यात काझी हैदर फारसीचे पत्रलेखक होते, आरमारात दौलतखान होता. निष्ठा पाहिली जायची, तो कुठून आला हे नाही. आता रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र बघा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा ग्रंथ, पण त्यातली नीती महाराजांच्या काळातली. त्यात साहुकारांवर वेगळं प्रकरण आहे. साहुकार ही राज्याची शोभा आहे, परमुलखातले साहुकारही आणून वसवावेत, त्यांचा मान राखावा, असा त्याचा आशय आहे. आणि त्यातच टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, इशारा आहे. हे व्यापारी दिसतात, पण यांच्यामागे राजे आहेत, यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, किल्ला बांधू देऊ नये. म्हणजे तुमचं आणि माझं, दोन्ही म्हणणी एकाच ग्रंथात आहेत.

मामा : मग फरक कशावरून करायचा? आलेला साहुकार आहे की टोपीकर, हे ओळखायचं कसं?

भाची : त्याच्या गावावरून, धर्मावरून, बोलीवरून नाही. तो इथे काय करतो त्यावरून. इथल्या कायद्याखाली राहतो का, इथल्या माणसाला घडवतो का, पाण्याचा, जमिनीचा हिशेब देतो का. कंपनी परदेशी असो की पुण्याची, कसोटी एकच. आणि मजूर तर या वादात येतच नाही. त्याच्याकडे ना फौज आहे ना भांडवल.

मामा : पिंपरीतल्या सिंधी लोकांचं मी डोळ्यांनी पाहिलंय. फाळणीनंतर त्यांना कॅम्पात आणून ठेवलं होतं. माझ्या लहानपणी वडील मला पिंपरीला कापड घ्यायला न्यायचे. एका खोक्यावर दुकान मांडलेलं असायचं. आमची भाषा मोडकी-तोडकी बोलायचे, पण वजनात, मापात खोट नाही. त्यांना तेव्हा लोक निर्वासितच म्हणायचे. आज पिंपरीची बाजारपेठ त्यांच्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाही.

भाची : आणि त्यांच्यातले शिकारपूरचे व्यापारी एकेकाळी कंदाहार, बुखारा आणि इराणातल्या बंदर अब्बासपर्यंत पेढ्या चालवायचे. त्या जुन्या वाटांचं ज्ञान असलेली माणसं कॅम्पात रेशनच्या रांगेत उभी होती. माणसाला नुसतं निर्वासित किंवा परप्रांतीय म्हटलं की त्याच्याजवळचं हे सगळं आपल्याला दिसेनासं होतं. असाच एक परका बघा. १४७० च्या सुमारास रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन इराण ओलांडून आला. रे, काशान, यझ्द अशा काफिल्यांच्या शहरांतून होर्मुझला, तिथून एक घोडा घेऊन जहाजानं चौलला, आणि चालत जुन्नरला. जुन्नरच्या असदखानानं त्याचा घोडा हिसकावला, धर्म बदल तर परत देतो म्हणाला. खुरासानच्या एका माणसानं त्याच्यासाठी शब्द टाकला, म्हणून घोडाही परत मिळाला आणि धर्मही वाचला. परक्या गावात एका परक्यानं दुसऱ्याची बाजू घेतली. निकितीननं ते लिहून ठेवलं, म्हणून त्या काळच्या जुन्नरची हवा, पाऊस, माणसं आपल्याला कळतात.

मामा : घोडेही त्याच वाटेनं आले, म्हणायचं. आमची भीमथडीची तट्टं, तीही अरबी रक्ताची म्हणतात.

भाची : स्थानिक आणि अरबी घोड्यांच्या संकरातून ती आली असं मानलं जातं. भीमेच्या खोऱ्यात वाढलेली, डोंगर चढणारी, थोड्या चाऱ्यावर राहणारी. मराठ्यांच्या दौडी त्यांच्याच पाठीवर झाल्या. बाहेरून आलेलं बीज आणि इथली माती. संग्रामदुर्गाचं शौर्य आणि ही वाट मला वेगळी काढता येत नाही, ते एवढ्यासाठीच.

मामा : तुझं कामही त्याच वाटेचं आहे, नाही का?

भाची : परवाच उम्म कसरला जाणारा कंटेनर भरला. बसऱ्याच्या खालचं बंदर. रात्री दहाला गाडी लागली. पोरांनी एकेक पेटी मोजून आत लावली, मध्ये लाकडी ठोकळे मारून माल हलणार नाही असा आवळला, दार बंद करून सील ठोकलं, सीलचा नंबर मी कागदावर चढवला. पहाटे गाडी तळेगावमार्गे न्हावा-शेवाकडे गेली. बिलावर कंपनीचं नाव, माझी सही आणि ट्रकचा नंबर आहे. पेट्या लावणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. तेव्हा मला सामी सुतार आठवला.

मामा : मग असं कर. किल्ल्यापाशी फलक लावायचा म्हणून तुमची मंडळी मागे लागली आहेत ना? त्यावर पहिलं नाव फिरंगोजी नरसाळ्यांचं आणि त्यांच्या माणसांचं. त्यात तडजोड नाही.

भाची : नाहीच. पण त्याच्या शेजारी दुसरा फलक. याच किल्ल्यातून अभयाचं वचन देऊन बाहेर काढलेल्या परदेशी शिपायांची कत्तल झाली, हे त्यावर स्पष्ट लिहायचं.

मामा : लोक म्हणतील, परक्यांचं दुःख आमच्या किल्ल्यावर कशाला?

भाची : आपल्या किल्ल्यावर घडलं म्हणून. शब्द देऊन मारणं हे आपल्या मुलखात पाप मानतात. फिरंगोजींचं नाव आपण अभिमानानं घेतो, कारण ते शब्दाला जागले. मोगली चाकरी देऊ केली तरी घेतली नाही, असं सांगतात. ज्याला त्यांचं मोल कळतं, त्याला त्या कत्तलीची लाजही वाटली पाहिजे.

मामा : ठीक. दुसरा फलक मला मान्य. तिसरा माझा. जमिनी दिलेल्या गावांची नावं आणि त्या जमिनींवर राबायला आलेल्या माणसांची गावं, दोन्ही एकाच फलकावर. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. इथल्या पोराला इथे शिकवून, इथे काम मिळालं पाहिजे, हे मी म्हणत राहणार.

भाची : म्हणत राहा, मामा. त्या मागणीत बाहेरून आलेला पोरगाही धरा, एवढंच माझं मागणं.

दोघांचं सगळं जुळलं नाही, आणि जुळायला हवं असंही नाही. मामांचा आग्रह आहे की मातीत राहिलेल्या माणसाचा हिशेब आधी व्हावा. भाचीचा आग्रह आहे की वाटेनं आलेल्या माणसाला हिशेबातून वगळू नये. उबुल्लाचा, बहामनी राज्याचा आणि आपल्या स्वतःच्या आज्ञापत्राचा दाखला पाहता दोघांचंही म्हणणं एकत्र धरावं लागतं. वाटेवरचं शहर येणाऱ्यांमुळे वाढतं आणि राबणाऱ्यावर अन्याय झाला की मोडतं, मग तो राबणारा गावचा असो की परमुलखातला.

पिंपरी-चिंचवडला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, तेव्हापासून हा पट्टा माणसं बोलावतोच आहे. इथल्या शाळा मुलांना सहलीला दूरदूर नेतात. त्यांनी एक दिवस कार्ल्याला जावं, विहारातला हरफरणाचा आणि दरवाजावरचा सामी सुताराचा लेख शिक्षकांनी मुलांना दाखवावा, आणि परतताना संग्रामदुर्गावर थांबून १६६० चा वेढा आणि त्याआधीची कत्तल, दोन्ही सांगावं. कंपन्यांनी आपल्या कोनशिलेवर पाहुण्यांच्या नावांखाली कामगारांची नावं कोरावीत. आणि चाकणच्या ग्रामस्थांनी किल्ल्यापाशी तिन्ही फलक लावावेत. या कामाला मोठा खर्च नाही. ठरवलं तर येत्या वर्षात होईल.